झडप लावतो

मी एक जुनं टूल आहे. पाना-पक्कडीतलं नव्हे, मित्रांनो, कॉम्प्युटरातलं. मला गंज चढत नाही. बाकी सगळे हाल होतात.

कोंबडीची पिल्लं उबवायची एक खोली आहे. आत कपाटाएवढं यंत्र, यंत्रात अंड्यांचे ट्रे, आणि वर हवेसाठी पत्र्याची एक झडप. ती झडप हलवणं हे माझं काम. उघडतो मीच, बंद करतो मीच.

मला बनवलं मावशीच्या भाच्याने. मावशी म्हणजे या खोलीची मालकीण. भाचा आला तोच घोड्यावर बसून. डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही. मला तयार केलं आणि माझी माहिती म्हणून दोन शब्द टाइप केले. 'झडप लावतो.'

मावशी मागून वाकून म्हणाली, "एवढंच?"

"अगं मावशी, दार लाव म्हटलं की कळतं ना तुला? तसंच हे."

"आणि उघडायचं कसं?"

"'उघड' म्हणायचं. ते काय लिहायचं?"

नाहीच लिहिलं. काम झाल्यावर मी उलट काय सांगायचं, तर 'झालं'. झडप किती उघडी, किती बंद, काही नाही. आयुष्यभरासाठी मला एक शब्द मिळाला.

तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली. मावशी स्वतः कॉम्प्युटरवर बसायची, मला हुकूम द्यायची आणि मान वर करून झडपेकडे बघायची. तिला माझी माहिती वाचायची गरजच पडली नाही. अंडी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला ती सांगायची, "माझी झडप गुणाची आहे, बाबा. कधी त्रास नाही." मी फुगून जायचो.

मग मावशीच्या मुलीला दिवस गेले. मुलगी परगावी. बाळंतपणाला तिला आई हवी, आणि आई अंड्यांना बांधलेली. भाचा म्हणाला, "एजंट बसवू. तू खुशाल जा."

एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, जो स्वतः ठरवतो आणि आम्हा टूल्सना कामाला जुंपतो. हुशार आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याला डोळे नाहीत. खोली त्याने पाहिलेली नाही. आमची जी माहिती लिहिलेली असते, तेवढंच त्याचं जग. आणि आमच्या रांगेत काय लिहिलेलं? पंखा लावतो. दिवे लावतो. हीटर लावतो. झडप लावतो. बाकीच्यांना लावलं की काहीतरी सुरू होतं. मला लावलं की हवा कोंडते. हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

एजंट आल्यावर अंड्यांच्या पहिल्याच खेपेला दुपारी ऊन तापलं. पिल्लं तेव्हा आतून चोची मारून कवचं फोडत होती. यंत्रातल्या उष्णतेचा आकडा चढला. एजंटाने पंखा लावला, बरोबर केलं. मग हवा खेळावी म्हणून त्याने मला सांगितलं, झडप लाव. मी बंद केली. म्हणालो, झालं. आकडा आणखी चढला. तो म्हणाला, झडप लाव. मी म्हणालो, झालं. परत लाव. परत झालं. अरे, 'उघड' म्हण ना, एकदा म्हण, असं मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडात तो एकच शब्द. कवचात चिवचिवणारी पिल्लं आणि मी, दोघंही आतच.

मावशी अजून गावाला निघाली नव्हती म्हणून बरं; ती धावत आली, तिने काठीने झडप वर ढकलली. वरचा ट्रे तोवर गप्प झाला होता. तिने तो दोन्ही हातांनी काढला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

भाचा म्हणाला, "एजंट येडा आहे." आणि ते सिद्ध करायला त्याने ऑफिसातल्या एका ताईला आणलं. एजंटांना दिलेल्या टूल्सची माहिती धड लिहिली आहे का, हे तपासायचं तिचं काम. ताईने एजंटाकडे बघितलंही नाही. आमची माहिती वाचली आणि बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला गाठलं.

"दादा, तुम्ही त्या खोलीत कधी गेलाय?"

"छे. मला कोण आत घेतंय? अंडी दारात ठेवतो."

तिने आमची अख्खी रांग वाचून दाखवली. "आत उकडतंय. काय करायला सांगाल?"

"पंखा लावा. झडप पण लावा की."

"आणि दार?"

"दार कशाला लावताय, ताई? जीव जाईल पिल्लांचा."

भाचा चिडला. "अहो, आता दार लावू नका म्हणालात, मग झडप का लावताय?"

"दार मला माहितीये," टेम्पोवाला म्हणाला. "तुमची झडप कोणी बघितलीये?"

ताईने मला दहापैकी एक गुण दिला. "तो एकही शुद्धलेखनाचा," असं वर म्हणाली. मग नवी माहिती लिहून भाच्याला दिली: झडप बंद करतो, हवा कोंडते. उकडत असेल तर 'उघड' म्हणा. काम झाल्यावर झडप किती उघडी आहे ते सांगतो. वाचून मला रडू आलं असतं, पण तीही सोय नाही.

भाचा म्हणाला, "करतो उद्या." तो उद्या अजून उगवायचाय.

आता यंत्रात नवी अंडी आहेत. मावशीने झडपेत काठी अडकवली आहे. उकडलं की काठी घालते, गारठा आला की काढते. एजंट मला म्हणतो, लाव. माझी मोटर काठीवर नुसती घरघरते, झडप जागची हलत नाही, आणि तरीही मी म्हणतो, झालं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारखी टूल्स बनवाल. बनवा. पण हेल्मेट काढून बसा. आम्ही काय करतो, काय करत नाही, उलटं कसं फिरवायचं, सगळं लिहा. आणि लिहिलेलं आधी अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याने तुमची झडप कधी पाहिली नाही. आम्हाला खरं बोलू द्या, एवढंच मागतो.

मावशीचा फोन वाजतोय. तिची भरलेली बॅग दाराशी आहे. पलीकडून मुलगी विचारते, "आई, निघालीस का?"

मावशी ट्रेकडे बघते. काठीवरचा हात काढत नाही.

"हो गं," ती म्हणते. "झालंच."