स्वस्त विमा आणि मशेरीची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डबी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा हळव्या असतात. कुणाला आपला गंज आठवतो, कुणाला आपला जुना मालक. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

माझ्या पोटात मशेरी असते. मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला आणि मग हाताने चुरून बारीक केलेला तंबाखू. आमच्या कोकणात पुष्कळ घरांत सकाळी उठलं की ती बोटावर घेऊन दातांना लावतात. लावणारे तिला दंतमंजन म्हणतात. मी तिला पोटात घेऊन जन्म काढला आहे, तेव्हा मला विचाराल तर तो तंबाखूच आहे. पण मला कोणी विचारलंच नाही, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

लांज्याच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. नव्या लग्नाच्या सुगंधाबाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा मी इतकी चकचकीत होते की त्या माझ्या झाकणात बघून कुंकू लावायच्या. त्यांचा मुलगा आत्माराम शाळेत जायला लागला आणि त्याची दाढ ठणकू लागली. आईने चिमूटभर मशेरी लावून दिली. दाढ शांत झाली, पण सवय लागली ती लागलीच. पुढे आत्माराम मुंबईला आला, भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाला, सुचेताशी त्याचं लग्न झालं, संपदा जन्मली. गिरगावातली भाड्याची खोली सोडून त्यांनी मीरा रोडला शांती नगरात कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घेतला. आईलाही गावाहून आणलं. आईबरोबर मी आले आणि बाथरूमच्या खिडकीत मला जागा मिळाली.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दिवाळीत मला चिंच लावून घासत. महिन्यातून एकदा सुगंधाबाई गॅसवर तवा ठेवून तंबाखू भाजायला बसत आणि आख्खा मजला खोकायला लागे. समोरच्या हंसाबेन नाकाला पदर लावून दारात येत.

"आंटी, ये क्या जल रहा है? मेरा तो दम निकल गया!"

"कुछ नहीं हंसाबेन," आत्माराम आतून ओरडे, "हमारा दंतमंजन बन रहा है!"

सगळे हसत. दर महिन्याला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. हंसाबेनना खोकला येत होता, म्हणजे निदान त्यांच्या नाकाला तरी खरं कळत होतं.

२००४ साली सुचेताने विम्याचा विषय काढला. तिचं म्हणणं साधं होतं. घरात कमावणारा एक, खाणारी चार तोंडं आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. उद्या आत्मारामला काही झालं तर हप्ते कोण भरणार? घर गेलं तर संपदाला आणि म्हातारीला घेऊन ती कुठे जाणार? तेव्हा टर्म पॉलिसी घ्यावी. दरवर्षी थोडे पैसे भरायचे, माणूस गेला तर घरच्यांना दहा लाख मिळणार आणि जगला तर काही परत मिळणार नाही.

हे शेवटचं वाक्य आत्मारामच्या घशाखाली उतरेना. "जगलो तर सगळे बुडाले म्हणजे? आपण मरावं म्हणून पैसे भरायचे काय?" तो तसा भला माणूस होता, पण वस्तूंच्या किमतीच्या बाबतीत फार चिवट. कांदे शांती नगरात स्वस्त की नया नगरात, हे बघायला तो रविवारी चालत दोन्हीकडे जायचा आणि वाचलेल्या पैशांची जिलबी आणायचा. जे पैसे परतच यायचे नाहीत ते कमीत कमी भरायचे, एवढं त्याने ठरवून टाकलं. मग तो दर गोळा करायला लागला.

दोन कंपन्या शेवटी उरल्या. पहिलीचं पत्रक त्याने कारखान्यातल्या मित्राकडून आणलं होतं. तिचा दर सगळ्यांना सारखा होता, तंबाखू खाणारा असो की नसो. वर्षाला चार हजार आठशे रुपये. दुसरीचं पत्रक घेऊन अभिनव आला. शेजारच्या बिल्डिंगमधला हा पोरगा विमा एजंट झाला होता. टाय लावायचा आणि गालात तंबाखूचा मावा धरून बोलायचा. त्याच्या कंपनीचे दर दोन ओळींत छापले होते. तंबाखूचं व्यसन नसणाऱ्यांना तीन हजार तीनशे, असणाऱ्यांना पाच हजार सहाशे.

आता तुम्हीच सांगा, मशेरी लावणाऱ्या माणसाला स्वस्त कुठली? पहिली. चौथीतल्या संपदालाही हे कळलं असतं. पण अभिनवचं बोट पहिल्यापासून वरच्या ओळीवर होतं आणि आत्मारामचे डोळे त्या बोटावर.

"आत्मारामभाऊ, बघा, डायरेक्ट दीड हजार वाचतायत वर्षाला. पंचवीस वर्षांचा हिशोब करा ना!"

आत्मारामने हिशोब केला आणि त्याचा चेहरा फुलला. महिन्याला सव्वाशे रुपये! अभिनवने फॉर्म काढला. तो इंग्रजीत होता. अभिनव वाचून विचारत होता आणि स्वतःच भरत होता.

"सिगारेट?"

"छे!"

"दारू?"

"नाव काढू नको. आई आत बसलीय."

"तंबाखू? कुठल्या पण फॉर्ममध्ये?"

"अजिबात नाही. पान नाही, गुटखा नाही. तुझ्यासारखा मावा पण नाही." आत्माराम छाती पुढे काढून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो, याचाच मला जास्त राग येतो. मशेरी त्याच्या मनात तंबाखूच्या खात्यात कधी पडलीच नव्हती. ती कोलगेटच्या खात्यात होती.

सुचेता चहाचे कप घेऊन आली होती. ती थांबली. "अहो, पण मशेरी लावता ना तुम्ही? ती सांगायला नको?"

आता मात्र अभिनवला कळलं होतं. त्याचं पेन क्षणभर थबकलं, ते मी उघड्या दारातून बघितलं. मी खिडकीत होते. कोणी हात लांब केला असता तर मी टेबलावर आले असते.

"काय वहिनी तुम्ही पण!" तो हसला. "मशेरी म्हणजे टूथपेस्टच ना? सगळ्या कोकणातले लोक लावतात. ते लिहिलं ना, तर मेडिकल लागणार, केस लटकणार, रेट वाढणार. मग तुम्हीच बोलणार, अभिनवने महाग दिलं."

"खरंय, खरंय," आत्माराम म्हणाला. "उगाच काहीतरी काढू नकोस. दात घासायची वस्तू ती."

सुचेता गप्प बसली. अभिनवने पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या तिथे तिथे आत्मारामने सह्या केल्या. अभिनवने गॅलरीत जाऊन मावा थुंकला आणि पेढा खाल्ला. मला जीभ नाही, नाहीतर मी तेव्हा सगळी बिल्डिंग गोळा केली असती.

पुढल्या वर्षी, दुसरा हप्ता भरून थोडेच दिवस झाले होते. आत्माराम कारखान्याच्या गोदामात पत्र्यांच्या थप्प्या मोजत होता. मोजता मोजता खाली बसला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती त्याने.

त्या घरातलं दुःख मी सांगत बसणार नाही. सुचेता मात्र एका गोष्टीवर तगून होती. घर वाचेल. दहा लाख आले की कर्ज फिटेल, उरलेल्यात संपदाचं शिक्षण होईल, मग काहीतरी काम शोधता येईल. अभिनवही येऊन म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. क्लेम पास होणारच."

मग एक दिवस कंपनीचा माणूस चौकशीला आला. सुचेता बँकेत गेली होती, संपदा शाळेत. घरी सुगंधाबाई एकट्या. माणूस अगदी गोड होता. त्याने चपला बाहेर काढल्या, हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला.

"रडू नका आजी. पैसे लवकर मिळावेत म्हणूनच आलोय. काय सुंदर दात होते हो दादांचे! हसतायत बघा कसे."

मुलाबद्दल कोणीतरी चांगलं बोललं. म्हातारीचा चेहरा उजळला.

"व्हते तर! एक दात किडला न्हाय माज्या पोराचा. ती पेष्टबिष्ट त्याला कधी चालली न्हाय. मशेरी लावायचा. मीच भाजून द्यायची."

"असं? किती वर्षं?"

"शाळंत व्हता तवापासनं. सकाळ-संध्याकाळ. एक दिस खाडा न्हाय."

"बघू या का डबी? जुनी माणसं किती जपून ठेवतात ना वस्तू."

सुगंधाबाई उठल्या. गुडघे धरत बाथरूममध्ये आल्या, मला खिडकीतून उचललं, पदराने पुसलं आणि त्याच्यासमोर झाकण उघडून धरलं. त्याने माझे फोटो काढले. मग त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला. जाताना त्याने त्यांच्या पाया पडून आशीर्वादही घेतला. त्या पाया पडण्याची आठवण आली की आजही माझं पितळ तापतं.

कंपनीने कळवलं की, तंबाखूचं सेवन लपवून विमा घेतला, सबब रक्कम देता येत नाही.

सुचेताने मला पिशवीत टाकलं आणि ती थेट मीरा रोडच्याच पूनम सागर भागात अभिनवच्या ऑफिसात गेली. समोर एक जोडपं दराची पत्रकं लावून बसलं होतं. तिने मला काचेच्या टेबलावर आपटलं.

"ही कोण आहे सांगा."

"वहिनी, मला पण वाईट वाटतंय. पण सही भाऊंची आहे ना? कंपनी बोलतेय, इन्फर्मेशन लपवली. मी काय करू शकतो?"

"लपवली कोणी? मी तुमच्या तोंडावर बोलले होते, मशेरी लावतात म्हणून!"

"ते तोंडी होतं ना, वहिनी."

"तोंडी?" तिचा आवाज फाटला. "तुमचं 'सगळे लोक लावतात' तोंडी नव्हतं? टूथपेस्ट म्हणालात ते तोंडी नव्हतं? दुसऱ्या कंपनीचा कागद समोर पडला होता. सव्वाशे रुपये जास्त होते महिन्याला. सव्वाशे! ते दिले असते आणि खरं लिहिलं असतं, तर आज माझं घर राहिलं असतं. ते भाबडे होते. मशेरीला मंजन समजत होते. तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला तुमचं कमिशन जाईल याची भीती होती, म्हणून तुम्ही माझ्या पोरीचं घर खाल्लंत."

समोरचं जोडपं आपली पत्रकं गोळा करून उठलं. सुचेताने पुढे विमा लोकपालाकडे तक्रार केली. तिथे सुगंधाबाईंचा जबाब वाचून दाखवला गेला आणि विषय संपला.

बँकेने वाट बघितली, मग बघितली नाही. फ्लॅट विकावा लागला. कर्ज फिटून जे उरलं ते भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटात गेलं. सामान बांधायच्या दिवशी सुगंधाबाई मला हातात घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. जबाबाचा अर्थ त्यांना कोणीतरी समजावून सांगितला होता. तेव्हापासून त्यांनी दातांना बोट लावलं नव्हतं आणि कोणाशी धड बोलतही नव्हत्या.

"खाडीत टाक हिला," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडानं घर घालवलं मी. पोरगा गेला आन् त्याच्या पोरीचं घर मी घालवलं."

सुचेता हातातलं भांडं ठेवून त्यांच्यासमोर बसली. तिने त्यांची हनुवटी धरून मान वर केली.

"आई, माझ्याकडे बघा. त्या कागदाला जे कोणी शिवले, त्यांच्यात शेवटपर्यंत खरं बोललेलं माणूस एकच. तुम्ही. मी एकदा बोलले आणि गप्प बसले. तुम्ही गप्प नाही बसलात."

म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडली. आत्माराम गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला घासा, पुसा, जपून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. माझ्या पोटात विष आहे, ते गटारात ओता आणि मला मोडीत घाला, माझी हरकत नाही. पण मी तुमच्या घरात आहे तोवर माझं नाव घ्यायला लाजू नका. दोन दर शेजारी ठेवून कोणी तुम्हाला स्वस्त ओळ दाखवली, तर त्याला विचारा की ही ओळ कोणासाठी छापली आहे. आणि तो म्हणाला की एवढं कशाला लिहायचं, तर उठा, खिडकीतून मला आणा आणि त्याच्या फॉर्मवर ठेवा.