टेबलाच्या पायाखालचा कॅप्टन कासव

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा. टेबलाचा मागचा डावा पाय दिसतोय ना? त्याच्याखाली आता लाकडाचा ठोकळा आहे. परवापरवापर्यंत त्या जागी मी होतो. माझ्या डोक्यावर टेबल, टेबलावर चष्म्यांचा ढीग आणि ढिगाशेजारी एका थोराड माणसाचे दोन कोपर. एवढं सगळं मी निमूटपणे पेललं आणि कोणी साधं 'दुखतंय का रे' म्हणून विचारलं नाही.

मी एक कॉमिक आहे. माझं नाव 'कॅप्टन कासव आणि चोरीला गेलेलं घड्याळ'. आमचा कॅप्टन शूर, पण भयंकर मंद. तो पोचेपर्यंत आग विझलेली असते आणि बुडणारा माणूस पोहायला शिकून घरी गेलेला असतो. तरी गावाचा त्याच्यावर फार जीव. तर एके सकाळी मनोऱ्यावरचं भलंमोठं घड्याळ गायब होतं, आणि कॅप्टन चोर शोधायला निघतो. चोर कोण, ते शेवटच्या पानावर.

आणि इथेच माझ्या जन्मदात्यांनी माती खाल्ली. छापखान्यात कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की मुलांना एक मुखवटा फुकट द्यावा. शेवटच्या पानाची मागची बाजू मोकळी होती. तिथे त्यांनी कॅप्टनचं हिरवंगार तोंड छापलं आणि खाली सूचना दिली, 'ठिपक्यांवरून कापा, दोरा ओवा आणि तुम्हीही व्हा कॅप्टन कासव!'

एरवी मुलं कोणाचं ऐकत नाहीत. पण कात्री चालवायला सांगितल्यावर एकही मूल मागे राहिलं नाही. घरोघर मुखवटे कापले गेले आणि त्यांच्याबरोबर पलीकडच्या बाजूचा गोष्टीचा शेवटही कापला गेला. पानाची नुसती चौकट उरली. वरती लिहिलेलं, 'म्हणजे चोर दुसरा तिसरा कोणी नसून', खाली लिहिलेलं, 'हे ऐकून सगळं गाव अवाक झालं!' आणि मध्ये तोंडाएवढं भोक.

मी तेवढा वाचलो, तो एका मुलीच्या लबाडीमुळे. तिला मला गणिताच्या तासाला वाचायचं होतं. म्हणून विकत घेतल्या घेतल्या, घरी कोणी बघायच्या आत, तिने मला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर लेबल चिकटवलं, 'गणित'. मुखवटा कव्हराखाली गेला आणि तिच्या तो लक्षातच आला नाही. त्या वर्षी ती गणितात आपटली. पण घड्याळ कोणी चोरलं हे पक्कं माहीत असलेली वर्गात ती एकटीच होती, आणि मला अजूनही तिचा अभिमान वाटतो.

पुढे मी रद्दीत गेलो. रद्दीवाल्याने उंची आणि जाडी बघून मला दहा-बारा कॅप्टन कासवांबरोबर एकाच सुतळीत बांधलं. सगळे माझेच भाऊ, पण सगळ्यांच्या शेवटच्या पानाला भोक. ते माझ्याकडे तुच्छतेने बघायचे. त्यांना वाटायचं, कुठून हे गणित येऊन आमच्यात बसलं!

तो गठ्ठा उचलला आमच्या मालकांनी. मालक चष्मे बनवतात. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक खोली. ती खोली जमिनीपासून छतापर्यंत कॅप्टन कासवांनी भरलेली होती. दुसरं एकही पुस्तक नाही. एकाच अंकाच्या शेकडो प्रती, आणि एकीलाही शेवट नाही.

याचं कारण म्हणजे मालकांची ताई. लहानपणी दोघांत मिळून एक अंक आला होता. ताई मोठी, म्हणून पहिला नंबर तिचा. मालकांच्या हातात अंक आला तेव्हा ताई मुखवटा लावून अंगणात फिरत होती, आणि शेवटच्या पानातून पलीकडची भिंत दिसत होती. मालकांनी भोकाड पसरलं. ताई मुखवट्यामागून म्हणाली, "सांगू का चोर कोण ते?" मालकांनी दोन्ही कान दाबले आणि ओरडले, "नको! मी स्वतः वाचणार!"

झालं. तेव्हापासून भावंडं भेटली की ताई म्हणणार, "सांगू का?" आणि मालक कानांवर हात ठेवणार. मालकांच्या लग्नातसुद्धा हेच झालं म्हणतात. इतरांच्या बोलण्यातून काही कानावर पडलंच, तर प्रत्येकाच्या आठवणीतला चोर वेगळा. एक म्हणे पोस्टमन, दुसरा म्हणे महापौरांची सासू. मग मालक प्रती गोळा करायला लागले. शेवट असलेली प्रत मिळेल ही आशा त्यांनी लवकरच सोडली. त्यांची मदार होती वेंधळ्या मुलांवर. कोणाची कात्री आत घसरली असेल, कोणी कोपरा तिरका कापला असेल, तर भोकाच्या कडेला चित्राचा एखादा तुकडा जास्त उरणार! आणि खरंच उरायचा. एका प्रतीत बुटाचं टोक, एकीत अर्धा कान, एकीत चक्क एक हिरवा कोपर. मालक भिंग लावून ते तुकडे बघायचे, जुळवायचे. चष्मेवाले असूनही हिरवा कोपर त्यांना ओळखता आला नाही. "हे झुडूप असणार," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. चोर पाववाला आहे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

त्या गठ्ठ्यातून मी त्यांच्या हाती लागलो तेव्हा माझं काळीज धडधडत होतं. आता उघडणार, आता वाचणार! पण शाळेत गणिताने मालकांचा फार छळ केला होता. त्यांनी मला मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरलं आणि त्याच खोलीतल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. "चला, गणित आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं," म्हणाले.

आणि मग त्याच टेबलावर, माझ्या बरोबर डोक्यावर बसून, ते वर्षानुवर्षं उसासे टाकत राहिले, "एकदा, फक्त एकदा शेवट दिसू दे!" अहो, मी इथे आहे, खाली वाका, असं मी जिवाच्या आकांताने ओरडायचो. पण कागदाचा आवाज तो केवढा!

मग एक दिवस ताईचा फोन आला. ती नोकरीतून निवृत्त झाली होती, एकटीच होती, आणि आता भावाकडे राहायला येणार होती. मालकीणबाईंनी कंबर कसली. "अहो, ताईंना ही खोली द्यायची. ती कासवं आता निघाली पाहिजेत."

"तिच्यामुळेच भरलीय ही खोली," मालक म्हणाले.

"मग तिच्यासाठीच रिकामी करा. हिशेब मिटला."

मालकांनी दुकानाच्या दारावर कागद लावला, 'कॉमिक्स विकणे आहे. कथा एकच. प्रती भरपूर. शेवट नाही.' इतका प्रामाणिक माणूस धंद्यात टिकला कसा, कोण जाणे. एक संग्राहक आला, तीन-चार अंक चाळून म्हणाला, "सगळ्यांना भोक आहे!" मालक दुखावले. "भोक सगळ्यांना आहे, पण प्रत्येकाचं वेगळं आहे." तो गृहस्थ घाईने निघून गेला. नवा चष्मा घ्यायला आलेल्या एका आजोबांना मालकांनी वाचून बघायला एक प्रत दिली. ते शेवटच्या पानाशी अडले आणि म्हणाले, "नंबर चुकलाय तुमचा. मला मधलं काहीच दिसत नाही."

अखेर गिऱ्हाईक मिळालं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या रूपाने. त्यांच्या दवाखान्यात मुलं कॉमिक्सवरून मारामाऱ्या करत आणि बाहेरच दात पाडून आत येत. "सगळ्यांना एकच गोष्ट मिळाली की भांडणच नाही," त्या म्हणाल्या. मालकांनी खाली मान घालून सांगितलं, "पण गोष्ट अर्धवट आहे हो." बाई खूश झाल्या. "उत्तम! पुढचं विचारायला तरी परत येतील."

गठ्ठे निघाले. मालक एकेकाला निरोप देत होते. हा बुटाच्या टोकाचा, हा अर्ध्या कानाचा. मालकीणबाईंना गलबलून आलं. "अहो, एखादा ठेवा की."

"नको. एक ठेवला की पुन्हा सगळं सुरू होईल. संपलं आता."

टेबलाखाली मला रडू फुटलं. मी ज्याच्यासाठी दबून राहिलो होतो, त्यानेच आशा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी ताई आली. दोन बॅगा, एक कुंडी आणि तोच करडा आवाज. रिकाम्या खोलीत तिने बॅगा खाली ठेवल्या. मालक टेबलापाशी बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, आता सांग."

"काय सांगू?"

"चोर कोण ते. मी हरलो. सांगून टाक."

मी खालून बघत होतो. ताईच्या तोंडावरचा रंगच उडाला. "आत्ता? लगेच? अरे, आधी सामान तरी लावू. हे टेबल बघ कुठे ठेवलंयस! खिडकीपाशी हवं." आणि उत्तर टाळण्यासाठी तिने ते अवजड टेबल एकटीने ओढलं.

माझ्या पाठीवरून पाय सरकला, खाकी कव्हर टर्रकन फाटलं आणि माझा हिरवा डोळा उजेडात आला.

ताईने मला उचललं. कव्हर जरा बाजूला केलं. मुखवटा! अख्खा, न कापलेला. मालकांकडे तिची पाठ होती. तिने शेवटच्या पानात अंगठा घातला. एक नजर टाकली की काम झालं असतं. मग ऐटीत वळून चोराचं नाव सांगता आलं असतं आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. मी पण श्वास रोखून धरला.

तिने मला मिटलं. "बारक्या," ती म्हणाली. बारक्या म्हणजे आमचे मालक, जे आता दारातून जरा तिरके होऊन जातात. "इकडे ये. मला माहीत नाही चोर कोण ते. मी वाचलंच नव्हतं. आधी मुखवटा कापला, मग कळलं."

मालकांचा आ वासलेलाच राहिला. "मग इतकी वर्षं 'सांगू का, सांगू का' कशाला म्हणत होतीस?"

"तू कान झाकायचास ना. मला वाटायचं, एक दिवस हात काढलेस आणि 'सांग' म्हणालास, तर काय करू? पण न विचारून राहवायचं पण नाही."

मालक रागावतील असं मला वाटलं होतं. ते इतके हसले की चष्मा नाकावरून खाली आला. मग दोघं खिडकीपाशी बसली आणि त्यांनी मला पहिल्या पानापासून वाचलं, सगळं पाठ असूनसुद्धा. शेवटच्या पानाशी मालकांनी चष्मा पुसला, आणि मोठ्याने वाचलं, "म्हणजे चोर दुसरा तिसरा कोणी नसून मीच आहे!"

चित्रात कॅप्टन कासव उभा होता, हिरव्या कोपराखाली घड्याळ धरून. "मी दर वेळी उशिरा पोचतो," तो म्हणत होता, "आणि तुम्ही बिचारे वाट बघत असता. मला वाटलं, घड्याळच नसेल तर उशीर झाला असं कोण म्हणेल?" हे ऐकून सगळं गाव अवाक झालं. मग त्यांनी घड्याळ परत मनोऱ्यावर चढवलं, पण काटे काढून ठेवले.

मालक डोळे पुसत होते आणि मी पण थोडा ओला झालो.

"म्हणजे ते झुडूप नव्हतं," मालक शेवटी म्हणाले.

"अहो, हिरवा कोपर कासवाचा नाही तर कोणाचा असणार?" दारातून मालकीणबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षीच सांगितलं असतं, विचारलं असतंत तर."

मला कोणी कापलं नाही. ताईने माझा मुखवटा फाटक्या खाकी कव्हरावर गिरवला, दोन केले, आणि संध्याकाळी दोघं भावंडं ते लावून दुकानात बसली. मालकांनी मुखवट्यावरून चष्मा लावला होता. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

आता मी ताईच्या उशाशी असतो. दवाखान्यातली मुलं सुजलेले गाल घेऊन शेवट विचारायला इथे येतात. मालक तोंडावर बोट ठेवतात आणि मला त्यांच्या हातात देतात. मुलांनो, माझं एवढंच मागणं आहे. हात धुऊन या, कात्री बाहेर ठेवा आणि मला पहिल्या पानापासून वाचा. यायला उशीर झाला तरी चालेल. आमच्याकडे त्याला उशीर म्हणत नाहीत.