पिवळ्या सॅटिनचा झेंडा

आपली टीम हरली की दुसऱ्या दिवशी गावातला प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. जिंकलो तर ‘आपण जिंकलो’ आणि हरलो तर ‘तो हरला’, ही आपली जुनी खोड. तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात ती नसेल तर तुम्ही भाग्यवान. मास्तरांच्या दुकानात मात्र त्या आठवड्यात ती ठाण मांडून बसली होती.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान अरुंद, पण कापड बेतायचं टेबल लांबलचक, आणि त्या टेबलाभोवती गावच्या फुटबॉल टीमचे कट्टर चाहते जमायचे. त्यांची एक पद्धत होती. सामना झाला की ते टेबलावर खडूने मैदान आखायचे आणि बटणांनी सगळा खेळ पुन्हा मांडायचे. शर्टाची पांढरी बटणं आपली, काळी समोरच्यांची, आणि चेंडू म्हणून एक मोती. गोलकीपरसाठी कोटाचं मोठं तपकिरी बटण राखून ठेवलेलं होतं. ते बटण म्हणजे भिंत.

भिंत हे टोपणनाव. हा माणूस सकाळी बेकरीची गाडी घेऊन दारोदार पाव पोचवायचा आणि संध्याकाळी गोलपोस्टसमोर उभा राहायचा. त्याने इतके गोल अडवले होते की लोक त्याचं खरं नाव विसरून गेले होते. आणि मग चषकाचा उपांत्य सामना आला, तोही आपल्याच मैदानावर. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या एकाने लांबून साधासा फटका मारला आणि चेंडू भिंतच्या बाजूने आरामात जाळ्यात गेला. तेवढ्या एका गोलावर चषक हातचा गेला, आणि भिंतची लोकांनी खिडकी करून टाकली.

टेबलाशी सगळ्यात मोठा आवाज असायचा तो बसच्या कंडक्टरचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. फटका लांबून होता, चेंडू हळू होता, आणि ऊनही भिंतच्या पाठीवर होतं, डोळ्यांवर नव्हतं. म्हणजे सांगायला सबबसुद्धा उरली नव्हती. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने तर मोबाइलवर पुरावाच आणला. कुणीतरी बाजूच्या स्टँडमधून काढलेलं चित्रण होतं ते. फटका बसतो त्याच क्षणी भिंत हात उचलून कपाळाशी नेतो, असं त्यात स्वच्छ दिसत होतं.

“बघा,” पेंटर म्हणाला, “ऐन वेळी साहेब कुणाला तरी सलाम ठोकतायत.”

तो सलाम गावभर झाला. भिंतची गाडी दिसली की लोक कपाळाला हात लावायचे. पाव घेताना बायका हसून म्हणायच्या, हा तरी नीट धर हो. तो मान खाली घालून पाव द्यायचा आणि पुढच्या दारी जायचा. मग बातमी आली की रविवारी तो जर्सी आणि हातमोजे क्लबला परत करणार, आणि दुसऱ्या गावी गाडी चालवायची नोकरी धरणार. कंडक्टर म्हणाला, बरंच झालं, स्टॉप आला की उतरावंच.

तेवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती. पण रविवारी त्याला निरोप द्यायचा, असं ठरलं. भोकं पडलेले दोन अवाढव्य हातमोजे कापडावर शिवायचे आणि तो फलक मैदानाच्या फाटकावर टांगायचा. चित्र पेंटर काढणार होता, शिवायचं काम मास्तरांकडे. मास्तर लगेच हो म्हणाले.

मास्तर तसे भांडखोर नव्हते. पण भिंतवर त्यांचा राग होता आणि त्याला कारण होतं. त्या सामन्यासाठी त्यांनी भिंतच्या समोरचा, पलीकडच्या गोलपोस्टमागचा अख्खा स्टँड झाकेल एवढा झेंडा शिवला होता, चकचकीत पिवळ्या सॅटिनचा. टीमला जोर यावा म्हणून शेवटच्या मिनिटांत तो उलगडला आणि शेकडो हातांनी तो डोक्यावर धरला. मास्तर त्याखालीच उभे होते. वर कापड संथ हलत होतं, सगळ्यांचे चेहरे मधात बुडाल्यासारखे दिसत होते, ओरडणंही दुरून येत असल्यासारखं वाटत होतं. आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेलेल्या या माणसाला वाटलं, हे मी केलंय. आणि तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी आक्रोश उठला. त्या सोन्यासारख्या क्षणाची भिंतने माती केली, हे मास्तरांच्या मनातून जात नव्हतं.

दुकानाच्या दाराशी, रस्त्याकडे पाठ करून, मास्तरांची थोरली बहीण काजं-बटणं करत बसायची. सगळे तिला ताई म्हणत. फुटबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण कान तिखट होते. फलकाचं बोलणं ऐकून तिने सुई थांबवली आणि विचारलं, तो गोल तुमच्यापैकी पाहिला कुणी? कंडक्टर म्हणाला, मी झेंडा धरला होता. पेंटरनेही तेच सांगितलं.

“म्हणजे डोक्यावर कापड घेऊन न्याय चाललाय,” ताई म्हणाली. “आणि हा मोती तपकिरी बटणाशी पोचला तो एवढ्या पांढऱ्या बटणांमधूनच गेला ना? त्यांना विचारलं का कुणी काही?”

“ताई, अडवणं हे त्याचं काम आहे,” पेंटर म्हणाला.

“आणि तुमचं काय?”

“टीमच्या पाठीशी उभं राहायचं.”

“मग हे पाठीशी उभं राहणं चाललंय होय?”

कंडक्टरला अचानक ड्यूटीची आठवण झाली. मास्तरांनी मान मशीनमध्ये खुपसली, पण फलक शिवायचं त्यांनी काही मनातून काढलं नाही.

शनिवारी दुपार कलली तेव्हा दुकानात बहीण-भाऊ दोघंच होते. रस्ता पेंगत होता. दारातून तिरपं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत आलं होतं आणि त्यात दोऱ्यांचे तंतू तरंगत होते. मशीनच्या संथ आवाजात मास्तरांचाही डोळा लागला. स्वप्नात ते पुन्हा झेंड्याखाली होते. सगळीकडे तोच पिवळा उजेड, आणि चेंडू कापसाच्या पुंजक्यासारखा हळूहळू तरंगत येत होता. कुणीच हलत नव्हतं. फार दुरून भिंत काहीतरी सांगत होता, ओठ हलत होते, शब्द मात्र पोचत नव्हते. मास्तरांना खूप वाटलं की दोन पावलं पुढं जाऊन ऐकावं, पण हातात झेंडा होता.

जाग आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. जडावलेल्या डोळ्यांनीच त्यांनी कपाटातून उरलेलं सॅटिन काढलं आणि आतल्या भिंतीशी उभं राहून दोन्ही हातांनी झटकून उलगडलं.

ताईचा हात एकदम वर गेला आणि कपाळाशी थांबला.

“अरे, खाली घे ते! काही दिसेना मला.”

मास्तर जागच्या जागी थिजले. तोच हात! तसाच कपाळाशी! सलाम नव्हताच तो!

“ताई, ऊन तर तुझ्या पाठीवर आहे,” ते कसंबसं म्हणाले.

“पाठीवरच आहे रे. तुझं कापड आरशासारखं माझ्या डोळ्यांत ऊन टाकतंय.”

त्यांनी कापड खाली केलं, पुन्हा वर धरलं. ताईच्या चेहऱ्यावर पिवळा झोत आला, गेला, पुन्हा आला. मास्तर स्टुलावर बसले आणि भिंतचा तो सलाम, झेंड्याची चमक, सगळं सांगून मोकळे झाले. वर हेही म्हणाले, की हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही आणि येणारही नाही. गावात त्यांच्या झेंड्याची अजून तारीफ चालली होती.

ताईने दोरा दाताने तोडला. “माप तुझं चुकलं तर गिऱ्हाइकाला जाड म्हणणार आहेस का?”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली आणि थेट बेकरी गाठली.

भिंत मागच्या अंगणात पावाचे रिकामे ट्रे धूत होता. मास्तरांना बघून त्याने सवयीने मान खाली घातली. मास्तरांनी विचारलं, झेंड्यामुळे तुला चेंडू दिसला नाही ना? भिंतने हातातला ट्रे खाली ठेवला.

“फार सुंदर दिसत होता तो झेंडा, मास्तर,” तो म्हणाला. “आधी मीही बघतच राहिलो. मग एकदम सगळं पिवळं झालं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणाला सांगू? तुम्ही सगळे तर त्याच्याखालीच होता.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि खरं सांगायचं तर तो चेंडू एरवीही सुटला असता की नाही, मला नाही माहीत. तेच रोज आठवत बसतो.”

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी भिंतच्या त्या ओल्या हातांनाच नमस्कार केला.

रविवारी दिवस कलताना फाटकाशी मंडळी जमली. पेंटरने फलक कुठाय म्हणून विचारलं. मास्तरांनी फलकाऐवजी झेंडा मागवला, आणि तो त्याच स्टँडवर धरायला सांगून कंडक्टरला गोलपोस्टसमोर उभं केलं. ऊन त्याच्या पाठीवर होतं. झेंडा उलगडला, आणि गावात सगळ्यात मोठ्याने सलाम ठोकणाऱ्या कंडक्टरचा हात आपोआप कपाळाशी गेला!

कापड माझं होतं, चूक माझी होती, मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पेंटरने खिशातून मोबाइल काढला आणि ते चित्रण पुसून टाकलं. तेवढ्यात जर्सीची पिशवी घेऊन भिंत फाटकातून आत आला. कंडक्टर त्याच्याकडे गेला, त्याने ती पिशवी भिंतच्या हातातून घेतली आणि परत त्याच्या खांद्याला अडकवली. भिंतने ती काढली नाही.

पुढच्या सामन्याआधी मास्तरांनी अख्खा झेंडा उसवला आणि सॅटिनची चमक नसलेली बाजू वर घेऊन पुन्हा शिवला. आता तो धुतलेल्या चादरीसारखा साधा दिसतो. गोल अजूनही होतात, भिंतकडूनही सुटतात, आणि टेबलाशी वादही रंगतात. पण तपकिरी बटणावर कुणी बोट ठेवलं की मास्तर त्याला खडूच्या रेघेपलीकडे, त्या बटणाच्या बाजूला आणून उभं करतात.

मंडळी, सगळ्यांत शेवटी जो उभा असतो, त्याच्यावर खापर फोडणं फार सोपं असतं, कारण त्याच्यानंतर फक्त जाळं असतं. मग तो मैदानावरचा असो, ऑफिसातला असो की आपल्या घरातला. त्याला बोल लावायच्या आधी एकदा त्याच्या जागी जाऊन उभं राहावं. तिथून चेंडू कसा दिसतो ते तर कळेलच, पण आपण कसे दिसतो तेही कळेल.