मिस्टर स्टिडम यांचा उलटा बोर्ड

बंद पडलेल्या जुन्या कीबोर्डांसाठी मी नवे सर्किट बोर्ड आखून देते. पोटापाण्याचा धंदा नव्हे हा, निव्वळ खाज. आमच्या लेक्सिंग्टन शहरात ती बऱ्याच जणांना आहे. आमच्या गल्लीत तर दर दुसऱ्या घरी कीबोर्डच्या कारखान्यात राबलेलं एखादं माणूस निघतंच.

मिस्टर स्टिडम यांचं काम मात्र मी खाजेपोटी घेतलं नव्हतं. त्यांनी मला शाळेत टायपिंग शिकवलं. सोळाव्या वर्षी मी शाळा सोडून निघाले होते, तेव्हा "एवढी परीक्षा दे, मग जा कुठं जायचं तिथं," म्हणत त्यांनी मला बसवून ठेवलं. त्या परीक्षेच्या जोरावर मला पहिली नोकरी लागली. पुढचं सगळं त्यातूनच आलं, आणि हे मी त्यांना कधी धड बोलून दाखवलं नव्हतं.

आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेले. बायको लॉटी वारल्यापासून ते रोज सकाळी दार लावून तिला पत्र लिहायचे. कीबोर्ड १९८६ चा. कळ दाबली की खट्ट वाजायची आणि अक्षर उमटलं हे बोटाला कळायचं. मार्चमध्ये त्यावर ताक सांडलं आणि आतला बोर्ड सडला. मुलीनं, व्हर्नानं, नवा कीबोर्ड आणला, पण त्याच्या मऊ कळांवर अक्षर उमटलं की नाही याचा त्यांना पत्ता लागेना. मग फोनशी बोललं की तो ते लिहून घेतो, हेही तिनं दाखवलं.

"व्हर्ना शेजारच्या खोलीत असताना लॉटीशी मोठ्यानं बोलू?" ते मला म्हणाले. "चार महिने झाले, रेटा. तिला काही कळवलेलं नाही."

मी शब्द दिला. जुना बोर्ड सोडवला, फोटो काढला, फोटोवरून एकेक भोक आखलं आणि चीनच्या कारखान्याला नकाशा धाडला. कारखाना पाचापेक्षा कमी बोर्ड करत नाही. उरलेले चार आम्ही हौशी लोक ज्याला हवे त्याला टपालखर्चात देऊन टाकतो. नकाशा धाडण्याआधी तो खऱ्या मापात कागदावर छापायचा, पुठ्ठ्याला चिकटवायचा आणि त्यात कळांचे स्विच खोचून बघायचे, अशी आमच्यात रीत आहे. मी ती पाळली नाही. इतके बोर्ड काढलेल्या बाईला पुठ्ठा कशाला हवा?

तीन आठवड्यांनी खोकं आलं. ते घेऊन मी मिरवतच त्यांच्याकडे गेले. व्हर्नानं चुलीवर घेवडा शिजत ठेवला होता. मिस्टर स्टिडम यांनी बोर्ड मांडीवर घेतला आणि त्यावरून सावकाश बोटं फिरवली.

"काम सुबक झालंय," ते म्हणाले. "पण उजव्या टोकाच्या आकड्यांच्या कळा डावीकडे का गं?"

मी बघितलं. खरंच डावीकडे होत्या. फोटो मी बोर्डाच्या मागून, म्हणजे स्विचचे पाय जिथं सोल्डरनं डागतात त्या बाजूनं काढला होता आणि न उलटवता पुढची बाजू म्हणून गिरवला होता. पाचही बोर्ड आरशात बघावेत तसे उलटे. माझ्या तोंडून नको तो शब्द गेला.

"अगं, डॅडींसमोर!" व्हर्ना म्हणाली.

"हा शब्द मी शिकवलेला नाही," मिस्टर स्टिडम म्हणाले.

"आणखी तीन आठवडे लागतील," मी सांगितलं. त्यांच्या वयात तीन आठवडे म्हणजे काय, ते मला कळत होतं. लाज वाटत होती. त्यांनी बोर्ड मांडीवर पालथा घातला आणि पुन्हा चाचपला.

"आता आल्या की उजवीकडे."

"ती मागची बाजू आहे. छापलेल्या खुणा सगळ्या खाली जातील."

"मला कुठं वाचायच्यात?"

का जमणार नाही ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला कारणच सापडेना. एकूणएक भोक सारखंच उलटं होतं. बोर्ड पालथा बसवला तर प्रत्येक स्विच सरळ बसणार होता. राहता राहिली चिप. ती खालच्या ऐवजी वर, स्विच धरणाऱ्या पोलादी पत्र्याच्या आणि बोर्डाच्या मधे आली असती. मी मापलं. पोकळी पाच मिलिमीटर, चिप दोनसुद्धा नाही.

तिथंच, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी सोल्डरिंगला बसले. मधे घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ला. स्विचची शेवटची ओळ राहिली तेव्हा मान वर न करता म्हटलं, "मिस्टर स्टिडम, त्या परीक्षेला तुम्ही मला बसवलं नसतंत तर..."

"माहितीये. दर नाताळला एवढा मुरंबा कुणी उगाच आणून देत नाही."

"तरी सांगते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"बरं. ऐकलं. आता हात चालव."

एकशे एक कळा एकेक करून तपासल्या. सगळ्या बोलल्या. मी कीबोर्ड त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडून दिला. ते खुर्ची ओढून बसले, बोटं जागेवर ठेवली आणि थांबले.

"आता दोघी बाहेर व्हा."

"डॅडी, चुका झाल्या तर कोण बघणार?"

"तुझी आई बघेल. तिला सवय आहे."

त्यांनी आतून दार लावून घेतलं. आम्ही दोघी ओसरीत उभ्या राहिलो. आधी एक खट्ट, मग बराच वेळ काही नाही, मग दोन, आणि मग थांबायचं नावच नाही.

"इतके महिने त्यांची बाकीची सगळी पत्रं मीच लिहून दिलीत," व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. "आता काय लिहीत असतील?"

"मला नाही कळत," मी म्हणाले. नुसत्या खटखटीतून खरंच काही कळत नव्हतं, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.