माशाच्या तेलाचा चमचा

मित्रांनो, मी सगळ्यांच्या तोंडात जातो, पण मला स्वतःला तोंड नाही. दूर उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरच्या सोनाराने घडवलेला मी एक जुना चांदीचा चमचा आहे. एल्द्रिद आजींच्या लग्नात या घरी आलो. काम एकच. सूर्य उगवतच नाही असा हिवाळा जवळ आला, की रोज सकाळी सर्वांना कॉड माशाचं तेल पाजायचं. आजी आधी प्रार्थना म्हणत, मग मला भरत. हा नेम कधी चुकला नाही. "घरादाराची हाडं या चमच्याने घट्ट केली," असं त्या पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी जास्तच चकाकायचो.

पुढे नात सुन्निवाचे पाय दुखू लागले. पोट फुगलेलं, हातांच्या काड्या. जिना चढताना ती कठड्याला धरून रडायची.

"तेल थुंकतेस ना गं, लबाडे? तुझा बाप याच चमच्यावर वाढला!"

"गिळलं गं आजी! देवाशपथ!"

"देवाला मध्ये आणू नकोस. आ कर. जीभ वर कर."

ती खुर्चीत अडकलेली, मी आजींच्या मुठीत. थेंबन् थेंब तिच्या घशाखाली उतरताना मी पाहत होतो. पण सांगू कसं? मग पुन्हा खणातला अंधार, आणि बाहेर तिचे हुंदके.

शेवटी आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. आजींनी पुरावा म्हणून मलाही पिशवीत कोंबलं.

"रोज एवढं तेल देते मी," आजींनी मला टेबलावर आपटलं. "पोरगी थुंकते, दुसरं काय!"

डॉक्टरीणबाईंनी सुन्निवालाच विचारलं, "शी कशी होते गं तुला?"

ती लाजली. "चिकट. पाण्यावर तेल तरंगतं."

रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी, अ आणि ई सुद्धा; तेलात विरघळणारी सगळीच. मग आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला. गहू तिला सोसत नव्हता. त्यानेच आतडं आतून झिजलं होतं, दिलेलं तेल अंगी लागतच नव्हतं.

"आजी, ती खरंच गिळत होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजींनी मला टेबलावरून हळूच उचलून पिशवीत ठेवलं. घरी गव्हाचं सगळं बंद झालं, तेलाऐवजी पाण्यात मिसळणारी जीवनसत्त्वांची औषधं आली. मी खणातच पडून काळवंडलो.

वसंतात एका सकाळी खण उघडला. सुन्निवाने मला घासलं आणि माझ्यात घेऊन तांदळाची खीर खाल्ली. आजी समोर बसल्या होत्या. त्यांनी "आ कर" म्हटलं नाही.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवलं नाहीत तरी चालेल. पण एखादं लेकरू "गिळलं" म्हणालं, तर त्याचं तोंड उघडून पाहण्याआधी त्याचं ऐका. मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं.