पाच जागांचा रिसिव्हर

तिसरा मजला

"मागची बाजू दाखवा," बाबा म्हणाले.

सेल्समनने रिसिव्हरची पुढची बाजूच आणखी जरा आमच्याकडे वळवली. पुढे निळे दिवे असतात. मागे धूळ असते, ती कोण दाखवतो?

"सर, आधी आवाज तर ऐका. खोली हादरते."

"खोली हादरायला नकोय. मागची बाजू."

बाकीची माणसं या दुकानात आवाज ऐकायला येतात. आमचे पिताश्री भोकं मोजायला आले होते. खिशातून त्यांनी चौकटीचा कागद काढला. त्यावर पट्टीने आखलेले पाच चौकोन, प्रत्येकातून एक रेघ, सगळ्या रेघा मधल्या मोठ्या चौकोनात. आईचा सेट-टॉप बॉक्स. माझा लॅपटॉप. धाकट्याचा गेमचा डबा. भाऊजींची सिनेमांची पेटी. ताईचा जुना डिस्क प्लेअर. अवकाशयान सोडायचं असल्यासारखा कागद.

सेल्समनच्या टायची गाठ तयार मिळते ती होती, हुकाची. त्याने कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी शेजारच्या मिक्सरकडे पाहू लागलो.

तळमजला

म्हणजे कारण. ते सांगताना मलाच लाज वाटते, म्हणून लवकर उरकतो.

टीव्हीला मागे वायर लावायच्या जागा दोन. एकीत आईच्या मालिका, त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. उरली एक. रविवारी ताई-भाऊजी यायचे आणि जो येईल तो आधीच्याची वायर ओढून आपली लावायचा. चार महिन्यांपूर्वी भाऊजींनी धाकट्याची ओढली.

"न विचारता ओढलीत?"

"तू काय खाणीतून सोनं काढत होतास?"

"जिंकत आलो होतो मी! माझ्या घरात येऊन माझीच वायर–"

"झालं. आलं तोंडातून. तुझं घर. चल गं, निघू."

ताईने चपला घातल्या. एकदा आईकडे पाहिलं. गेली.

चौतिसाव्या वर्षी खोट्या बंदुकीने खोटी माणसं मारणारा माझा भाऊ. बेचाळिसाव्या वर्षी रुसून चपला घालणारे भाऊजी. आणि मी. मी त्या वेळी हातात लॅपटॉपची वायर घेऊन बसलो होतो, दोघांपैकी कुणीतरी उठून जाईल या आशेवर. तिघांमधला सगळ्यात नालायक कोण, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

त्यानंतर आई फोन करायची. ताई म्हणायची, "मुलीची परीक्षा आहे गं." चार महिने परीक्षा चालणारी शाळा मी अजून पाहिलेली नाही. फोन ठेवला की आई ताईची ताटली मांडणीवरून उतरवायची, पुसायची आणि परत ठेवायची.

माफी माग, असं या घरात कुणी कुणाला म्हटलं नाही. बाबांचं निदान वेगळं.

"जागा कमी पडली म्हणून भांडण झालं. जागा वाढवू. पोरगी येईल."

एकतीस वर्षं लिफ्ट चालवलेल्या माणसाची अक्कल. माणसांचं काय चुकलं याच्याशी संबंध नाही. किती बसतात, एवढंच.

पुन्हा तिसरा

दोन रिसिव्हर समोर आले. स्वस्तातला: नव्या पद्धतीच्या चार जागा, जुन्या लाल-पांढऱ्या पद्धतीची एक. महागातला: नव्या सहा, जुन्या तीन, किंमत जवळजवळ दुप्पट.

"काका, जुन्या पद्धतीचं आज कोण वापरतं हो? एक पुरे."

बाबांनी अंगठ्यापासून सुरुवात केली. "ही. हा. धाकटा. लेक. जावई." करंगळीवर थांबले. "पाच. बसले."

सगळ्या आयुष्यात त्यांनी केलेला एकमेव हिशेब हाच. बसले की नाही बसले.

स्वस्तातलाही परवडत नव्हताच. पण दुकानाची योजना होती, जुनं द्या आणि सूट घ्या. बाबांनी कापडी पिशवीतून घरचा ॲम्प्लिफायर काढला. सेल्समनने तो दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि काउंटरखाली सारला.

"स्पीकर जुनेच चालतील ना?" बाबांनी चौथ्यांदा विचारलं.

"चालतील, काका."

"घ्या एकदाचा," मी म्हणालो. मला मॅच बघायची होती.

दोन मजल्यांच्या मधे

खाली जाताना लिफ्टमध्ये आम्ही धरून नऊ जण झालो. घंटा वाजली. दार मिटेना. सगळे वर बघू लागले, जसं काही वजन छताला असतं. एक बाई म्हणाली, "शेवटी कोण आलं?" शेवटी तीच आली होती.

बाबांनी खोका माझ्या हातात दिला आणि उतरले.

"जा तुम्ही. मी जिन्याने येतो."

अडुसष्ट वर्षं. दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लिफ्टमध्ये शिरणारे ते तिसरे होते. उतरायचं कारण काय?

कारण मला माहीत आहे. त्यांच्या लिफ्टमध्ये पाटी होती: 'आठ माणसे, चालकासह'. एकतीस वर्षं ती पाटी त्यांच्या नाकासमोर होती आणि शेवटचा शब्द त्यांना कधी दिसला नाही. आठ साहेब आत शिरायचे, घंटा वाजायची, कुणी हलायचं नाही. मग बाबा एखाद्या साहेबाला बटण दाबायला सांगून स्वतः बाहेर पडायचे आणि जिन्याने धावत जाऊन वर दार उघडायचे. एकदा म्हणे लिफ्टच्या आधी पोहोचले. हे ते घरी आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. दुसरा कुणी असता तर लपवलं असतं.

मी खाली खोका धरून सात मिनिटं उभा होतो. ते आले, धापा टाकत, हसत. "पोचलास?" म्हणाले.

रविवार

त्यांनी स्वतः फोन केला होता. "जावईबापू, तुमची जागा केलीय. वेगळी. तिला कुणी हात लावणार नाही."

आणि भाऊजी आले! हा माणूस चार महिन्यांनी एका भोकासाठी आला. ताई थेट स्वयंपाकघरात शिरली, कालच येऊन गेल्यासारखी. आईने ताटली उतरवली. या वेळी परत ठेवली नाही.

प्रत्येक वायरीला बाबांनी जखमेवर लावायची पांढरी पट्टी गुंडाळली होती. वर बॉलपेनने नावं. पाचही वायरी बसल्या. धाकटा भाऊजींना म्हणाला, "बसा ना." भाऊजी बसले. झालं, मिटलं. एवढ्या स्वस्तात मिटणारी माणसं.

"आवाज ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "स्वस्तातला दिसतोय."

तेव्हा मला कपाटावर कॅसेट डेक दिसला. बाबांचा. त्याची लाल-पांढरी वायर गुंडाळून वर रबर लावलेलं. रोज सकाळी सहाला ते त्यावर गाणी लावायचे, रेडिओवरून स्वतः भरलेली, शेवटी निवेदकाचं अर्धं वाक्य तुटणारी. डेक एकटा बोलत नाही. तो ज्या ॲम्प्लिफायरवर बोलायचा, तो आम्ही काउंटरखाली देऊन आलो होतो. आणि जुन्या पद्धतीच्या एकुलत्या जागेत ताईचा डिस्क प्लेअर होता.

"बाबा, डेक कुठे लावणार?"

त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. अंगठा हलला. बोटं एकेक करून मिटत गेली. करंगळीशी आली आणि पुढे बोट नव्हतं.

"अरे," ते म्हणाले. "राहिलंच की."

कागद मीही पाहिला होता. पट्टीने आखलेला, पाच चौकोनांचा. त्यात काय नाही, हे मलाही दिसलं नव्हतं.

"ताईची काढून रोज सकाळपुरती लावा. ती रविवारीच येते."

"काढायची नाही." एवढ्या जोरात ते कधी बोलत नाहीत. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "या घरात आता कुणाची वायर काढायची नाही." मग हळू, "माझं काय."

भाऊजी रिसिव्हरचा रिमोट शोधत होते. बाबांनी तो सकाळीच ड्रॉवरमध्ये टाकला होता. "हाताने बरं," म्हणाले आणि स्टूल ओढून रिसिव्हरशेजारी बसले. पाठ ताठ. तोंड आमच्याकडे, टीव्हीकडे पाठ. उजवा हात गोल बटणावर, ज्याने कुणाची वायर चालू ते ठरतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"गेम," धाकटा म्हणाला. बटण फिरलं.

अर्ध्या तासाने पुन्हा, "कोण?"

"माझी पेटी," भाऊजी म्हणाले. बटण फिरलं.

मग ते माझ्याकडे बघून थांबले. मॅच सुरू व्हायला दोन मिनिटं होती.

"लॅपटॉप," मी म्हणालो.

त्यांनी बटण फिरवलं.