तपासले, ठीक आहे

"आधी टेबलावर हात ठेवून बघा," बाई म्हणाल्या, "आणि मग सांगा मशीन ठीक आहे म्हणून."

मी हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. टेबल तापलं होतं. चटका बसावा इतकं नाही, पण ताप आलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसं लागत होतं. टेबल भिंतीला चिकटून होतं, आणि भिंतीपलीकडे हॉस्पिटलची लाँड्री. तिथला बॉयलर सकाळी दहाला सुरू होतो तो चारपर्यंत धुसफुसत असतो. बाईंचा लॅपटॉप त्या टेबलावर भिंतीकडे पाठ करून बसलेला, आणि गरम हवा बाहेर टाकायची त्याची जाळी नेमकी मागच्याच बाजूला. आत नऊ वर्षांचा दमलेला पंखा. चार महिने मला न सापडलेलं दुखणं दोन मिनिटांत सापडलं.

सापडलं कारण मी पहिल्यांदाच तळघरात आलो होतो. हॉस्पिटलची सगळी कॉम्प्युटरं मी बघतो, पण माझी खोली पहिल्या मजल्यावर आणि माझा नियम एकच: मशीन आणून द्या, चिठ्ठी घेऊन जा. मशीन मध्येच बंद पडतं म्हणून बाईंनी तीनदा आणून दिलं. कापडी पिशवीत घालून, लिफ्टसाठी ताटकळत, सत्तावन्न वर्षांचे गुडघे घेऊन. मी ते माझ्या टेबलावर, डोक्यावरच्या पंख्याखाली सहा-सहा तास चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. एकदा धूळ काढली, एकदा चार्जर बदलला, एकदा बॅटरी. तिन्ही वेळा चिठ्ठीवर लिहिलं, 'तपासले, ठीक आहे.' तिसऱ्या वेळी वर शहाणपणाही केला, टाइप करताना तुमचाच हात बटणाला लागत नाही ना, असं विचारलं. बाईंनी पिशवी काखेत मारली आणि गेल्या.

बाई म्हणजे रेकॉर्ड विभागातल्या टायपिस्टबाई. पेशंटला घरी सोडताना जो कागद देतात तो त्या टाइप करायच्या. काय झालं होतं, काय केलं, आता घरी कोणतं औषध किती घ्यायचं. सव्वीस वर्षं. "मी सोडल्याशिवाय इथून कोणी घरी जात नाही," असं त्या म्हणायच्या, आणि नवा डॉक्टर आला की त्याला हे वाक्य एकदा ऐकावंच लागे. लग्न केलं नव्हतं. घरी मोठी बहीण, ऐकू न येणारी, आणि तिच्याशी बोलण्यासाठी पाटीसारखी वापरायची एक वही. दिवसभर लिहायचं आणि घरी जाऊनही लिहायचं, माझं तोंड नुसतं जेवायला उरलंय, असं त्या हसून सांगायच्या.

त्यांची कामाची रीत कॉम्प्युटर आला तेव्हापासूनची होती. कोरं पान त्या कधी घेत नसत. आदल्या पेशंटचा कागद उघडायचा आणि त्याच्यावरच नवा लिहायचा. वरचा मजकूर, डॉक्टरांची नावं, 'अमुक दिवसांनी दाखवायला या' हे सगळं तयार मिळतं. दिवसाला तीस-तीस कागद असतात, सगळेच असं करतात. यात धोका आहे हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्यावर तोडही काढली होती. कागद झाला की त्या तो खालून वर वाचायच्या, ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत. वरून वाचलं तर औषधांपर्यंत येईतो डोळे दमतात, आणि औषधं तर शेवटी असतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या कागदात चूक निघाली नव्हती. नव्या डॉक्टरांच्याच चुका त्या पकडायच्या आणि गाजावाजा न करता दुरुस्त करून घ्यायच्या.

तीन आठवड्यांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ घरी गेले. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना अर्धी, दिवसातून एकदा द्यायची होती. कागदावर आलं, एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. ती ओळ त्यांच्या आधीच्या पेशंटची होती. बाराव्या दिवशी त्यांना बेशुद्ध परत आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी ते गेले. सोबत आणलेला कागद केसपेपरशी जुळत नाही हे ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, आणि मग तो कागद हॉस्पिटलच्या फायलीत गेला तो गेलाच. घरच्यांना सांगण्यात आलं की औषध जास्त गेलं. हे खरंही होतं. कुणामुळे जास्त गेलं, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून मला तळघरात पाठवलं होतं. रेकॉर्ड विभागाच्या साहेबांनी सकाळीच बोलावून घेतलं आणि मोठ्या मायेने समजावलं. उद्या कुणी विचारलंच तर फायलीत काहीतरी असावं. मशीन वारंवार बंद पडत होतं, त्यामुळे जुना मजकूर नव्यात मिसळला असावा, असं मी लिहून द्यायचं. बाईंना वर्ष राहिलंय, त्या सुखाने निवृत्त होतील. सही करणाऱ्या डॉक्टरांच्या अंगाला काही लागणार नाही. त्या डॉक्टरांनी तो कागद वाचला का नव्हता, हा प्रश्न तर साहेबांच्या आसपासही फिरकला नाही. मी माझ्या तीन चिठ्ठ्यांची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, चिठ्ठ्या काय, पुन्हा लिहिता येतात. सगळ्यांची सोय होत होती. खापर फोडायला मशीनसारखं दुसरं काही नाही, त्याला ना पेन्शन असते ना नातेवाईक.

मला ते पटलं होतं. खोटं कशाला सांगू?

मशीन कधी सुरू झालं आणि कधी अचानक बंद पडलं, याची नोंद ते स्वतःच ठेवतं. मी त्या दिवसाची नोंद उघडली. अकरा वीसला बंद. दोन पाचला बंद. तीन पन्नासला बंद. मग म्हाताऱ्यांच्या कागदाची फाइल बघितली. शेवटची साठवली तीन बत्तीसला. छापली तीन चौतीसला. मी पुन्हा बघितलं. घड्याळ पुढे-मागे असेल म्हणून तेही तपासलं. घड्याळ बरोबर होतं.

बाई माझ्या मागे उभ्या होत्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अहवाल वाचलेली बाई, तिच्यापासून स्क्रीन लपवण्यात अर्थ नव्हता, तरी मी स्क्रीनवरची नोंद बंद केली.

"त्या वेळी चालू होतं ना?" त्यांनी विचारलं.

"बाई, दिवसभरात तीनदा पडलंय. तेवढं पुरे आहे. मी तेवढंच लिहितो."

"मी काय विचारलं?"

"चालू होतं," मी म्हटलं. "मजकूर मिसळलेला नाही. जसा टाइप झाला तसाच छापला गेला."

त्या खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, तेही मला कमी आणि समोरच्या भिंतीला जास्त. त्या दिवशी दोनदा काम गेलं होतं. दोन्ही वेळा सगळं नव्याने टाइप केलेलं. म्हाताऱ्यांचा कागद करताना मशीनचा पंखा घरघरायला लागला, आणि तो घरघरला की पाच-दहा मिनिटांत बंद पडतं हे त्यांना माहीत झालं होतं. बाहेर मुलगी चाकाच्या खुर्चीत बापाला घेऊन कागदासाठी थांबलेली. बंद पडायच्या आत छापून घेऊ, म्हणून त्यांनी तो कागद खालून वर वाचला नाही.

"वरून पण नाही वाचला," त्या म्हणाल्या. "आणि मेलं मशीन त्यानंतर चांगलं पंधरा मिनिटं चाललं."

तापलेल्या टेबलावर माझा हात अजून होता. मी तो काढून खिशात घातला. एकदा, फक्त एकदा मी दोन जिने उतरून खाली आलो असतो, तर टेबल भिंतीपासून हातभर ओढायचं एवढंच काम होतं. मी हे बाईंना सांगितलं नाही. त्यांना ते कळलेलं होतंच. हात ठेवून बघा, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी आलं. रेकॉर्डच्या खोलीला तिकीटघरासारखी एक खिडकी आहे, नातेवाईक तिथून कागद मागतात. चाळिशीची बाई होती. केस कसेबसे बांधलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. टायपिस्टबाईंनी तिला ओळखलं. मी नाही ओळखलं, पण बाईंच्या चेहऱ्यावरून समजलो. ती म्हाताऱ्यांची मुलगी होती.

तिला वडिलांच्या कागदाची नक्कल हवी होती. वरच्या काउंटरवर आज तिसऱ्यांदा विचारलं, तिथे मिळणार नाही म्हणाले, म्हणून खाली आली होती. भांडायला आलेली दिसत नव्हती. भांडायचं बळ तिच्यात नव्हतंच.

"मला न्यायचा नाहीये तो," ती म्हणाली. "फक्त बघू द्या. गोळ्या मीच देत होते. मला वाटतं दोनदा लिहिलं होतं. सकाळ-संध्याकाळ. पण सगळे म्हणतात, असं कसं लिहितील, तूच वाचण्यात घोळ केलास. भाऊ तर बोलतच नाही माझ्याशी. आता मलाही आठवेनासं झालंय. मी रात्री-अपरात्री उठून आठवते. एकदा बघितलं की झालं."

मी बाईंकडे बघितलं आणि मान हलवली. नको. एवढंच करायचं होतं, साहेबांकडे जा म्हणायचं आणि खिडकी लावून घ्यायची. आमच्याकडे ही टोलवाटोलवी सगळ्यांना येते, नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.

बाई उठल्या आणि खिडकीशी गेल्या.

"तुम्ही बरोबर वाचलंत," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळच लिहिलं होतं. लिहिलं मी चुकीचं. अर्धी गोळी, एकदाच द्यायची होती. दुसऱ्या पेशंटची ओळ राहून गेली, आणि मी कागद तपासला नाही."

मुलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. भिंतीपलीकडे बॉयलर चालू होता.

"म्हणजे मी नाही दिल्या जास्त," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्ही दिल्यात."

"हो," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता ही ओरडेल, चार माणसं जमतील. ती ओरडली नाही. तिने बाईंकडे नीट बघितलं, चेहऱ्याकडे आणि मग हातांकडे. मग म्हणाली, "हे लिहून द्याल? भावाला दाखवायला." बाईंनी टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला आणि उभ्या-उभ्याच पेनने लिहिलं. पाच-सहा ओळी झाल्या. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. मुलीने तो वाचला. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि जिन्याकडे वळली. पहिल्याच पायरीवर ती बसली. पिशवी पोटाशी धरून वाकून रडायला लागली. बाई खिडकीतून बघत होत्या. बाहेर जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळत होतं. मला हक्क होता की नाही कोण जाणे, पण मीही गेलो नाही.

मुलगी निघून गेल्यावर मी म्हटलं, "बाई, निदान मशीनचं तरी लिहायचं होतं. टेबल तापतं, तुम्ही तीनदा तक्रार केलीत, हे खरं आहे ना?"

"तिला विचारायचं होतं की तिने नीट वाचलं का," बाई म्हणाल्या. "त्यात मशीनचं काय सांगू?"

त्यानंतर व्हायचं ते झालं. साहेबांनी काखा वर केल्या. आठवड्याभरात चौकशी बसली. लांब टेबलापलीकडे तिघं, अलीकडे बाई, आणि बाजूला खुर्ची टाकून मी. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पेन्शन अडकेल याची कल्पना आहे का, असं एकाने विचारलं. त्या म्हणाल्या, आहे. घरी बहिणीला सांगितलंय का? ते वहीत लिहायला अजून जमलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.

मग ते माझ्याकडे वळले. मशीनबद्दल काही सांगायचं आहे का?

आदल्या दिवशी मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. भिंत, बॉयलर, पंखा, तीन चिठ्ठ्या, न उतरलेले दोन जिने. बाईंची चूक त्याने पुसली जाणार नव्हती, पण तिच्या शेजारी माझीही येऊन बसली असती, आणि कदाचित त्यांच्यावरचा भार थोडा हलका झाला असता. पण माझी दोन मुलं शिकत आहेत. हे कारण मी तिथे बसल्या-बसल्या स्वतःला दिलं. चांगलं कारण आहे, कुणी नावं ठेवत नाही.

"कागद छापला त्या वेळी मशीन चालू होतं," मी सांगितलं.

यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, अडखळणाऱ्या माणसाला बरोबर शब्द सापडल्यावर आपण डोलावतो तशी.